आल्बिनाचं लाल लुगडं आणि चित्रातल्या दोन बायका

गिरीज,
९ जानेवारी १९९८

प्रिय मैत्रीण बेट्टी,

सप्रेम नमस्कार. तुझी धाकटी बहीण आल्बिना आज सकाळी तिचं लग्नाकार्याचं लाल लुगडं दागिन्यांसकट माझ्या ओट्यावर ठेवून गेली, म्हणून हे पत्र लिहावं लागत आहे. तुझे गुडघे बरे असतील असं धरून चालते. (नसतील तरी पुढे वाच.)

तिच्या आग्नेलचं लग्न एक फेब्रुवारीला. नवऱ्यामुलाची आई लाल लुगड्याशिवाय उभी राहिली तर गाव वर्षभर दुसरं काही बोलणार नाही, हे तुला सांगायला नको. झालं असं, की ती तुळिंजला नणंदेकडे गेली होती. शेजारच्या खोलीत जयवंत नावाचे, तुमच्या कॅथलिक चर्चबाहेरचे प्रचारक भिंतीवर चित्र लावून बायबलातली भविष्यवाणी समजावत होते. चित्रात दोन बायका. एकीने सूर्य पांघरलेला, पायाखाली चंद्र, डोक्यावर बारा तारे, दिवस भरलेले. ही विश्वासू चर्च. दुसरी जांभळ्या-लाल वस्त्रात, सोन्यामोत्यांनी मढलेली, सात डोक्यांच्या श्वापदावर बसलेली, ही अविश्वासू. आल्बिनाने घरी येऊन पेटी उघडली, तर आत तेच लाल आणि तेच सोनं.

मी तुमच्या धर्मातली नाही, पण कॉलेजात तुझ्याशेजारी बसून तर्कशास्त्र शिकले आहे. तेव्हा तिला घेऊन काल तुळिंज गाठलं. विचारलं, दुसरी बाई म्हणजे नक्की कुठलं चर्च? जयवंतरावांनी आधी खिडकी लावून घेतली आणि मग विषय बदलला. मग मी त्याच भविष्यवाणीत पुढे येणारी पांढऱ्या तागाच्या वस्त्रातली नवरी कोण ते विचारलं, तर तीही विश्वासू चर्च. म्हणजे पहिलीच बाई? मग तिचं बाळंतपण बाराव्या अध्यायात आणि लग्न एकोणिसाव्यात कसं? भविष्यवाणीचा हिशेब असा मांडत नाहीत, असं ते म्हणाले. (मग कसा मांडतात, ते मला अजून कळलेलं नाही.) शेवटी त्यांनीच कबूल केलं, की लाल रंग हे नुसतं चिन्ह आहे, आल्बिनाच्या लुगड्याशी त्याचा संबंध नाही. मी जिंकले असं समजून उठले. तेवढ्यात आल्बिना म्हणाली, "चिन्ह हाय ना? मग चिन्हच नको अंगावर."

रात्री मी माझं जांभळं इरकल कपाटातून काढलं आणि परत ठेवलं. का, ते विचारू नकोस.

तुझी,
प्रेमलता

ता. क. आल्बिना माझं ऐकत नाही. "तू हिंदू, तुला काय" म्हणते. मोठ्या बहिणीचा शब्द मात्र ती मोडणार नाही. "लाल नेस" एवढे दोनच शब्द लिही. कारणं देऊ नकोस, ती कारणांना उत्तरं देते.

ता. क. २. मिळालेल्या वस्तू: लाल लुगडं एक. पोवळ्यांची माळ एक. कानातलं सोन्याचं, जोडी एक. लुगड्यावरची चोळी मिळाली नाही. चौकशी करता, ती शिंप्याकडे सैल करायला टाकली असून लग्नाच्या आदल्या दिवशी मिळेल, असं आल्बिनाने खाली मान घालून सांगितलं.