पाखरांची मूठ

मांजरसुंबा,
२६ मे १९९७

तीर्थस्वरूप छबुमावशींना सिदूचा साष्टांग नमस्कार.

आरोही, हे पत्र आजीला सावकाश वाचून दाखव. तुला माझा राग आला तरी मधलं काही गाळू नकोस.

मावशी, गुडघे कसे आहेत? परवा तुमचा राधाकिशन फाट्यावर दिसला, पण बोलला नाही. मी आता मोठा माणूस झालो म्हणून तुमच्या दारी येत नाही, असं त्याला वाटतं. लहानपणी पेरणीला आम्ही दोघं तुमच्या पाभरीमागे धावायचो. ओटीतलं बियाणं पाभरीच्या चाड्यात सोडण्याआधी पहिली मूठ तुम्ही बांधावर उधळायचात. म्हणायचात, "पाखराचं आधी. त्यांला काय जिमीन हाय व्हय?" त्या मुठीला डोंगरातले मोर यायचे. मोरांचं वेड मला तिथं लागलं. भाषणात मात्र मी पुस्तकांची नावं सांगतो.

पाच जूनला बीडला माझा सत्कार आहे. डोंगरात पाणवठे खोदले, शिकाऱ्यांचे फासे काढले, म्हणून. लोक मला मोरवाले म्हणतात, आणि पोरं मला बघून मोरासारखी ओरडतात.

एक्क्याण्णवच्या पेरणीला तुमच्या बांधावर नऊ मोर मेले. "म्हातारीनं मोरांला इख घातलं," असं गाव म्हणालं. तेव्हापासून तुम्ही मूठ टाकली नाही.

मावशी, ते इख माझ्या बी-बियाणांच्या दुकानातलं. वाळवी लागू नये आणि तुम्हाला त्रास नको, म्हणून मीच बाजरीला औषध चोळून पिशवी बांधली. गिऱ्हाइकांच्या गर्दीत सांगायचं राहिलं. तुम्ही विचारलंत, "वास कावून येतोय रं, सिदू?" मान वर न करता मी म्हणालो, "नव्या पिशवीचा." तुमची मूठ मला ठाऊक होती, तरी आठवली नाही.

मेलेल्या मोरांजवळ बसून तुम्ही म्हणत होतात, "माज्या हाताला काय झालं?" मी शेजारीच उभा होतो. दुकान बुडेल या भीतीनं गप्प राहिलो. मला त्याची लाज वाटते. सहा वर्षं डोंगर राखला, पण मन हलकं झालं नाही.

सत्कारात मी हे सगळं सांगणार आहे. त्याआधी तुम्हाला कळायला हवं.

सोबत दोन शेर बाजरी पाठवतोय. औषध लावलेलं नाही. हिचीच भाकरी मी काल खाल्ली. मृगाच्या पेरणीला मी बांधावर येतो. मूठ टाकायची की मला हाकलायचं, ते तुम्ही ठरवा. मोर अजून येतात. पेरणीच्या सकाळी बांधावर नुसते उभे राहतात.

तुमच्या हाताला काही झालं नव्हतं, मावशी.

तुमचा,
सिदू