सीगबर्टकाकांचं सुतक

६ नोव्हेंबर १९६१, व्हाइनलँड

काल काकांना पुरलं. आता आम्हा ज्यूंचं आठवडाभराचं सुतक, कामाला हात लावायचा नाही. आरशांवर चादरी, मी आणि मावशी रीतीप्रमाणे बुटक्या स्टुलांवर. सकाळी सेल्मामावशी, काकांची बायको, कोंबड्यांना दाणे टाकायला उठली. शेजारच्या ग्रॉसमनबाई म्हणाल्या, "अगं, आज तरी बस." मावशी म्हणाली, "सुतक आहे हे कोंबड्यांना तू सांग, मग बसते."

७ नोव्हेंबर

लढाईच्या आधी, मी नऊ वर्षांची होते. जर्मनीतून बोटीनं एकटीच आले. आईबाबा मागून येणार होते— व्हिसा तेवढा मिळायचा होता.

न्यूयॉर्कच्या धक्क्यावर काका-मावशी घ्यायला आलेले. तिकडे आमच्या गावी, फुल्ड्याला, काकांचं कापडाचं दुकान होतं. त्यांच्या पँटची इस्त्री मोडलेली मी कधी पाहिली नव्हती. आणि इथे ते कोंबड्या पाळत होते, कोटाला त्यांचाच वास! मी मागे सरकले. काका वाकून म्हणाले, "फ्रीडल, आठवडाभर नाक दाबून धर. मग तुलाही येईल हाच वास."

आलाही. शाळेत माझ्या शेजारी कुणी बसेना.

८ नोव्हेंबर

तिकडे ज्यू म्हणून हाकललं, इकडे लढाई लागल्यावर वर्गातली मुलं मला 'जर्मन' म्हणून चिडवायची. मी बेसबॉल खेळाडूंची सगळी नावं घोकली— मुलींत बोलता यावं म्हणून. मला सामने ऐकता यावेत म्हणून काकांनी खुराड्यात रेडिओ लावला. त्यांना त्या खेळातलं ओ की ठो कळायचं नाही. तरी रोज जेवताना विचारायचे, "आज आपण जिंकलो का?"

तो 'आपण' अजून कानात आहे.

९ नोव्हेंबर

सुतकाच्या प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, ते कसेबसे जमले. फुल्ड्याचे आता तिघेच.

१० नोव्हेंबर

शेहेचाळीस साल. आईबाबांना तिकडेच मारल्याचं पक्कं कळलं तो दिवस. काका अंडी पुसत होते. पुसता पुसताच सांगितलं, मग हातातलं अंडं खाली ठेवता येईना त्यांना.

मी रडले नाही. इंग्रजीत म्हणाले, "यापुढे माझ्याशी ती भाषा बोलू नका. मी अमेरिकन आहे."

काका म्हणाले, "बरं."

त्या दिवसापासून दोघं माझ्यासमोर मोडकंतोडकं इंग्रजीच बोलले. मावशीला बटाट्याच्या भज्यांना इंग्रजीत काय म्हणायचं ते सुचायचं नाही, मग ती नुसतीच ताट पुढे सरकवायची. मला हसू यायचं.

१२ नोव्हेंबर

काल सुतक संपलं. आज मी म्हणाले, "मावशी, माझ्याकडे फिलाडेल्फियाला चल."

ती पंधरा वर्षांनी माझ्याशी जर्मनमध्ये बोलली, "मी फुल्ड्याला परत चाललेय."

"तिकडे? त्या लोकांत?"

"माझे आईबाप तिथे पुरलेत. थडग्यावरचं गवत काढायला कोणी नाही." मग माझा हात हातात घेऊन म्हणाली, "शेहेचाळीस सालीच जायचं ठरत होतं आमचं. पण तू अमेरिकन झालीस. तुला सोडून कसं जाणार होतो आम्ही?"