वळणावरची पहिली फ्रेम

मी, वय वर्षे साठ, धंदा फोटोग्राफी, नोकरी आजवर कुणाचीच नाही, हे मृत्युपत्र माझ्या राहत्या घरी, पुढच्या खोलीत बसून करून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे. यकृत नाही. डॉक्टरांनी सहा महिने सांगितले आहेत आणि सांगताना ते माझ्याकडे न बघता भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. उजव्या कानाने मला ऐकू येत नाही, कारण चौतीस वर्षं तो कान स्टेजवरच्या स्पीकरला लावून मी उभी राहिले. पण वकीलबाईंनी सगळा मसुदा माझ्या डाव्या बाजूला बसून मोठ्यांदा वाचला आहे आणि मला तो मान्य आहे. कुणी धाक दाखवलेला नाही, कुणी गोड बोलून लिहून घेतलेलं नाही. गोड बोलून माझ्याकडून काही करून घेणं तसंही कुणाला जमलेलं नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

१. घर. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पायऱ्या फोडून मी करून घेतलेला दारातला उतार, हे सगळं माझ्या धाकट्या भावाच्या नावे करते. तो अठ्ठेचाळीस वर्षांचा आहे. एके काळी तो सायकलच्या शर्यती जिंकायचा. आता कमरेखाली त्याला काही जाणवत नाही. दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. सव्वीस वर्षं ते मी केलं, आणि ज्या दिवशी मला सामन्याचे फोटो काढायला जायचं असेल त्या दिवशी शेजारच्या काकूंनी केलं.

२. बँकेतली ठेव त्याला उचलणाऱ्या माणसाच्या पगारासाठी ठेवावी. व्यवस्था वकीलबाईंनी बघावी. माणूस धडधाकट हवा. बोलायला खडूस असला तरी चालेल, भावाला माझी सवय आहे.

३. कॅमेरे विकून टाकावेत. फक्त मोठी लेन्स मैदानावरच्या माझ्या जुन्या सोबत्याला द्यावी, ज्याला आम्ही सगळे ‘कोपर’ म्हणतो, कारण गोलपोस्टमागची जागा तो कोपरानेच मिळवतो. वीस वर्षांत त्याने माझ्या दोन बरगड्या दुखावल्या. लेन्सच्या आत बुरशी धरली आहे हे मला माहीत आहे. त्यालाही कळेल, पण फायनलच्या दिवशी.

४. गाण्याबजावण्याचे फोटो. आमच्या धंद्यात रीत अशी की कार्यक्रमाची पहिली तीन गाणी फोटो काढू देतात. तिसरं संपलं की दंडाला धरून बाहेर. माझा नवरा ड्रम वाजवायचा, आणि त्याच्याही कार्यक्रमातून मी तिसऱ्या गाण्याला निघून कुठला तरी सामना गाठायची. तो म्हणायचा, “तुला माणसं घाम येईपर्यंतच आवडतात. पुढचं तू कधी ऐकतच नाहीस.” मला तेव्हा ते टोचून बोलणं वाटलं. शेवटी त्याने ड्रम उचलले आणि तो गेला, त्याला मी दोष देत नाही. त्याचे एकशे बारा फोटो आहेत, ते त्याला पोचवावेत. बहुतेकांत तो खूश दिसतो. आमच्या दोघांचा एकही नाही, कारण कॅमेरा कायम माझ्याच हातात असायचा.

५. ज्या संपादकाने माझ्या फोटोखाली माझं नाव छापायला वर्षानुवर्षं जागा नाही म्हणून सांगितलं, त्याला काहीही देऊ नये. भेटायला आला तर चहा द्यावा. बसायला सांगू नये.

६. एक निगेटिव्ह. हे कलम लिहायला वकीलबाईंचा विरोध होता. त्या म्हणाल्या, “मॅडम, मृत्युपत्रात मालमत्ता लिहितात. पाप लिहीत नाहीत.” मी म्हटलं, “माझं नाव ज्यावर झालं ते हेच आहे, मालमत्ता म्हणा की पाप.”

सव्वीस वर्षांपूर्वी घाटातल्या शर्यतीत भाऊ सगळ्यांच्या पुढे होता. उतारावरच्या वळणाला प्रेक्षकांसाठी आणि फोटोग्राफरसाठी दोरी बांधलेली होती. दोरीमागून सगळ्यांना एकच फोटो मिळणार होता. ज्याला महिन्याचा पगार नाही त्याला सगळ्यांसारखा फोटो काढून पोट भरता येत नाही. दोरी राखणाऱ्या शिट्टीवाल्याची पाठ वळली तशी मी दोरीखालून आत सरकले आणि रस्त्यावर आडवी पडले.

कॅमेऱ्यात एक आरसा असतो. बटण दाबलं की तो वर उचलला जातो आणि तेवढ्यापुरता डोळ्यापुढे अंधार होतो. म्हणजे जे फिल्मवर येतं ते काढणाऱ्याने पाहिलेलं नसतं. हे वाक्य मी स्वतःला वर्षानुवर्षं ऐकवलं. पण पहिलं बटण दाबायच्या आधी मी त्याला पाहिलं होतं. त्याने डावा हात काढून मला ‘हो बाजूला’ असं केलं होतं. मी सरकले नाही. मी दाबलं, आणि मग दाबतच राहिले. मला चुकवायला तो बाजूला वळला आणि कठड्यावर आदळला.

चौथी फ्रेम, सायकल हवेत आणि भाऊ तिच्याखाली, जिकडेतिकडे छापून आली. तिचं बक्षीस समोरच्या भिंतीवर आहे. पहिली फ्रेम मी कात्रीने कापून वेगळी ठेवली. फिल्मची अशी एकच फ्रेम कुणी कापत नाही. प्रिंट काढणाऱ्या म्हाताऱ्याने विचारलं, “पहिली कुठं गेली?” मी म्हटलं, “उजेड लागून वाया गेली.” त्याने दुसरी फ्रेम लावली.

सायकलची पुढच्या ब्रेकची तार तुटलेली सापडली. ती कठड्यावर आदळून तुटली होती. पण सकाळी ब्रेक संघाच्या मिस्त्रींनी आवळले होते, तेव्हा ठपका त्यांच्यावर आला. ते सगळ्यांना सांगत फिरले, “माझ्या हातची तार तुटत नाही.” दवाखान्यातही आले. भावाने त्यांना बघून भिंतीकडे तोंड फिरवलं. डोक्याला मार लागल्याने त्याला त्या दिवसातलं काहीच आठवत नाही, असं आम्ही धरून चाललो होतो. मी दारात आडवी आले आणि म्हटलं, “मिस्त्री, तुम्ही जा इथून.” मला ठाऊक असताना म्हटलं. वर्षाच्या आत त्यांचं दुकान बसलं. कुणी त्यांच्या हाती सायकल देईना.

पहिल्या फ्रेममध्ये भिंग लावलं की स्वच्छ दिसतं: उजव्या मुठीत पुढचा ब्रेक आवळलेला आहे आणि तार शाबूत, ताणलेली आहे.

मिस्त्री गेली अकरा वर्षं स्टेडियमबाहेर सायकली सांभाळतात. मी सामन्याला जाते तेव्हा तेच मला टोकन देतात. गेल्या महिन्यात म्हणाले, “बाई, इतकी वर्षं म्हणत आलो, तार तुटत नाही माझी. आता मलाच वाटतं, राहिली असेल ढिली. वय झालं, कशाला खोटं बोला.” मी टोकन घेतलं आणि आत जाऊन सामन्याचे फोटो काढले. एकही धड आला नाही. दुसऱ्या दिवशी मी वकीलबाईंकडे गेले.

ही निगेटिव्ह माझ्या मृत्यूनंतर मिस्त्रींना द्यावी, असं हे कलम मुळात लिहिलं होतं.

७. सहाव्या कलमात बदल. वकीलबाईंनी चष्मा काढून विचारलं, “आणि मिस्त्री तुमच्याआधी गेले तर?” ते एकाहत्तर वर्षांचे आहेत. मेल्यावर सांगण्यात माझी सोय होती, दुसरं काही नाही.

परवा दुपारी मी भावाला सगळं वाचून दाखवलं. तो छताकडे बघत म्हणाला, “मला आठवतंय, ताई. पहिल्या दिवसापासून आठवतंय. तुला हात केला होता.”

“मग बोलला का नाहीस?”

“बोललो असतो तर तू तोंड लपवून निघून गेली असतीस. मला उचललं असतं कोणी?” मग म्हणाला, “ते कलम काढून टाक ना. तुझं झालं. मला इथंच राहायचंय.”

मला त्याचा भयंकर राग आला. सव्वीस वर्षं मी त्याच्यापासून लपवत होते आणि तो मला बांधून ठेवत होता, आणि दोघांच्या मध्ये एक तिसराच माणूस भरडला जात होता. मग त्याची कूस बदलायची वेळ झाली. बदलली. कलम काढलेलं नाही.

काल मी निगेटिव्ह मिस्त्रींच्या हातात दिली. या कागदाने त्यांना आता काहीही मिळत नाही, म्हणून ते साक्षीदार होऊ शकतात, असं वकीलबाई म्हणाल्या. मी विचारलं. ते आले.

आज त्यांनी या खोलीत बसून सगळे कागद स्वतः वाचले, बोट ठेवून, ओळ न् ओळ. मग भावाच्या पलंगाकडे वळून विचारलं, “तुला आठवत होतं का रे?”

भाऊ म्हणाला, “हो.”

मिस्त्रींनी कागद एकावर एक नीट रचले. मी माफी मागायला तोंड उघडलं तर त्यांनी हात वर केला. “सही करतो, कारण लिहिलंय ते खरं आहे. मी माफ केलं असं मात्र कुठं लिहू नका.”

तसं कुठेही लिहिलेलं नाही.

वकीलबाईंनी त्यांच्या नावापुढे ‘धंदा: सायकल स्टँडवरील रखवालदार’ असं टाइप केलं होतं. त्यांनी ते पेनाने खोडलं, खाडाखोडीवर नियमाप्रमाणे छोटी सही केली, आणि वर स्वतःच्या अक्षरात लिहिलं.

ठिकाण: राहतं घर, पुढची खोली
दिनांक: ६ फेब्रुवारी २०२४, मंगळवार, दुपारी साडेतीन

मृत्युपत्र करणारी: (सही)

आम्हा दोघांच्या समोर तिने सही केली आणि तिच्यासमोर आम्ही केली.

साक्षीदार पहिली: (सही)
नातं: शेजारीण. धंदा: शिवणकाम

साक्षीदार दुसरा: (सही)
नातं: काही नाही. धंदा: सायकल स्टँडवरील रखवालदार (खोडलेलं, छोटी सही) सायकल मिस्त्री