दुर्गच्या कोर्टातला राजीनामा

बाबा, परवा माझ्या जुन्या शाळेत एका बाईंचा निरोपसमारंभ होता. जेवणं झाल्यावर सगळ्यांनी मला तुमचा दुर्गच्या कोर्टातला किस्सा सांगायला लावला. मी तिथून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण तो किस्सा तिथे अजून चालतो. मी तो छान सांगते, तुमचा आवाजही काढते. लोक पोट धरून हसले. घरी आल्यावर मात्र मला बरं वाटेना, म्हणून हे लिहायला बसले आहे. तुमच्याशी थोडं भांडायचं राहिलं होतं आणि थोडी माफी मागायची राहिली होती. आज दोन्ही उरकून घेते.

सुरुवात पाण्यापासून झाली, हे तुम्हाला आठवतच असेल. दुर्गजवळचा तुमचा पोलादाचा कारखाना अजून पुरता उभा राहिला नव्हता आणि आमच्या शाळेच्या भिंतींचा चुनाही ओला होता. एवढ्या मुलांना मिळून व्हरांड्यात दोन माठ होते. मधली सुट्टी व्हायच्या आत ते कोरडे पडत आणि नळ होता तो मुख्याध्यापकांच्या खोलीमागे, कुलपात. मी शेवटच्या वर्गात होते. मी एक अर्ज लिहिला, वर्गातल्या सगळ्यांच्या सह्या घेतल्या आणि तो शाळेत न देता थेट टाउनशिपच्या ऑफिसात नेऊन दिला. तिसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. "नेता बनोगी?" एवढंच विचारलं आणि शाळा सोडल्याचा दाखला हातात ठेवला. त्यावर लाल शाईने लिहिलं होतं की आचरण असमाधानकारक. त्या लाल शाईमुळे दुर्गच्या शाळेनेही मला दारातूनच परत पाठवलं. बोर्डाचा फॉर्म भरायला थोडेच आठवडे उरले होते आणि मी घरी बसून तांदूळ निवडत होते.

तुम्ही ड्यूटीवरून आलात, हेल्मेट खुंटीला लावलं आणि दाखला दोनदा वाचला. मला वाटलं, आता मार बसणार.

"अर्ज केला तं केला, मले सांगतलं कावून नाई?"

"तुम्ही नको म्हणाला असता."

"नको नसतो म्हणलो. शुद्धलेखन पाहून देलं असतं."

भंडाऱ्याकडच्या खेड्यात मराठी चौथी झालेला माणूस, दिवसभर दोरखंडांनी लोखंडाचे खांब वर चढवणारा खलाशी, आणि अभिमान कशाचा, तर शुद्धलेखनाचा. पुढच्या आठवड्यात तुमच्या टोळीतल्या एका फिटरने सांगितलेला वकील तुम्ही दुर्गला जाऊन गाठलात आणि शाळेवर दावा लावलात. कारखान्याच्या माणसाने कारखान्याच्या वस्तीतल्या शाळेवर. लोक तुम्हाला समोरून नमस्कार करायचे आणि पाठीमागून वेडा म्हणायचे.

पहिल्या पेशीला, म्हणजे सुनावणीला, मी तुमच्याबरोबर होते. जज्जसाहेबांनी कागद चाळले आणि मुख्याध्यापकांना एकच प्रश्न केला, "नाम काटने से पहले लड़की से पूछा गया था?" मुख्याध्यापक स्वतःच्या वकिलाकडे बघू लागले. तो छताकडे बघू लागला. मला त्या क्षणी वाटलं की आपण जिंकलो. सोळा वर्षांच्या मुलीला आणखी काय हवं असतं? निकाल लागेल, तो कागदावर येईल आणि मग कुठल्याच शाळेला कुणाचं नाव असं न विचारता पटावरून काढता येणार नाही, असं मी सायकलच्या कॅरिअरवर बसून रुआबांध्याला घरी पोचेपर्यंत तुम्हाला ऐकवत आले. तुम्ही हूं हूं करत पॅडल मारत होतात.

मला ठाऊक नव्हतं की कोर्टातून निघताना आपल्या वकिलाने घाईघाईत तुमच्या कानात काहीतरी सांगितलं होतं. सामनेवाले राजीनामा चाहते हैं, अगली पेशी पर राजीनामा हो जाए तो लड़की सोमवार से स्कूल में.

पुढचे तीन दिवस घर विचित्र झालं. आई बोलेना. कारखान्याचं क्वार्टर मिळाल्यावर पहिल्याच पावसात तिने मागच्या दारी पपई लावली होती. रोज तांदळाचं धुवण घालायची, मूल असल्यासारखी तिच्याशी बोलायची. त्या तीन दिवसांत तिने धुवण मोरीत ओतलं. मी विचारलं, तर म्हणाली, "कोनासाठी घालू? क्वार्टर रायते का आता?" मला वाटलं, दाव्याने घाबरली आहे. तुम्ही माझ्या भूगोलाच्या वहीचं मधलं पान फाडून घेतलंत, तेही मी पाहिलं. चष्मा लावून, पाटावर वही ठेवून, तुम्ही खूप वेळ काहीतरी लिहीत होतात. मला वाटलं, गावी काकांना पत्र.

पुढच्या पेशीला कोर्टाच्या व्हरांड्यात आपला वकील म्हणाला, "हाँ दादा, राजीनामा?" तुम्ही खिशातून ते पान काढलंत आणि दोन्ही हातांनी त्याला दिलंत. त्याने अडखळत वाचलं. "मी आपल्या राजीखुशीने कारखान्यातील नोकरीचा राजीनामा देत आहे. माझ्या मुलीस शाळेत बसू द्यावे." खाली सही. शुद्धलेखनाची एक चूक नाही.

"दादा, ये क्या ले आए? ये तो इस्तीफ़ा है."

"तुम्हीच तं म्हणलं राजीनामा."

आणि वकील हसला. मग एकदम थांबला आणि त्याने तुम्हाला बाकावर बसवलं. समजावून सांगितलं की कोर्टाच्या हिंदीत राजीनामा म्हणजे दोन्ही बाजूंचा समझोता. नोकरी कुणी मागितलीच नव्हती. आपण दावा मागे घ्यायचा, शाळा तो दाखला फाडून नाव परत लावणार, आणि मुलीने लिहून द्यायचं की पुढे असे अर्ज करणार नाही. किस्सा मी इथे संपवते. लोक इथेच हसतात.

किश्श्यात न येणारं पुढचं भांडण असं. मी म्हणाले, सही करणार नाही. साहेबांनी आपल्या बाजूने प्रश्न विचारला आहे, निकाल लागू द्या. तुम्ही मला खांबाआड नेलंत.

"तुले वर्गात बसाचं हाय का फैसला आयकाचा हाय?"

"पाण्याचं मी खरंच लिहिलं होतं."

"खरंच होतं. म्या कधी खोटं म्हणलं? पन फैसल्याले दोन वर्सं लागतीन. फॉर्म या महिन्यात हाय."

मी सही केली आणि पुढे कित्येक वर्षं तिचा दोष तुमच्या नावावर मांडला. परीक्षा दिली, शिकले, शिकवू लागले, अखेर मुख्याध्यापिकेच्या खुर्चीत बसले. एके दिवशी टेबलावर परिपत्रक आलं. दूरच्या कुठल्या राज्यात एका विद्यार्थ्याने कोर्टात शेवटपर्यंत दम धरला होता, आणि आता कुणाचंही नाव काढण्याआधी त्याचं म्हणणं ऐकून घेणं सगळ्या शाळांना बंधनकारक झालं होतं. आमच्या साहेबांचाच प्रश्न होता तो, फक्त आता त्याला शिक्का होता. मला आनंद व्हायला हवा होता. मी आधी तुमच्यावर चिडले. आपण थांबलो असतो, तर निदान आपल्या भागात हा कागद कितीतरी आधी आला असता आणि मधल्या काळात किती मुलं न विचारता घरी बसली असतील. अजूनही मला ते खरं वाटतं. तुमच्या राजीनाम्यातून निकाल निघाला नाही, एक मुख्याध्यापिका तेवढी निघाली.

पण मी त्या परिपत्रकाप्रमाणे वागले, बाबा. कुणाचंही नाव काढण्याआधी मुलाला समोर बसवून विचारायचे, काय झालं ते तू सांग. कॉपी करणाऱ्यालाही विचारलं, काच फोडणाऱ्यालाही. एकदा एका मुलाचे वडील आले. तेही कारखान्यातलेच, हातात टोपी घेऊन उभे. म्हणाले, मॅडम, जो लिखना है लिखवा लो, इसका नाम मत काटो. तेव्हा मला ते वहीचं पान पहिल्यांदा नीट दिसलं. तुम्ही तीन दिवस विचार केला होता. क्वार्टर, पपई, आईचं गप्प राहणं, सगळं धरून. आणि तरीही सही केली होती. मी तुम्हाला तोवर भित्रा समजत होते. तुम्हाला बोलावून, समोर बसवून, काय झालं ते तुम्ही सांगा, असं मी कधीच विचारलं नव्हतं. तेव्हा तुम्ही हयात होतात. त्या रविवारी मी घरीही आले होते. आपण पपई खाल्ली आणि मी परत गेले.

त्या दिवशी कोर्टातून येताना तुम्ही सायकल चालवता चालवता, मागे न बघता विचारलं होतंत, "तू कावून हासली वं?" मी म्हणाले, वकील हसला म्हणून. घरी पोचल्यावर आईला एवढंच सांगितलंत, "नोकरी हाय." तिने लगेच बादली उचलली आणि मागच्या दारी गेली.

हे पत्र मी माझ्या मुलांना दाखवणार नाही. त्यांना किस्सा पाठ आहे आणि त्यात फक्त वकील हसतो. तुम्हालाही मी तेच सांगितलं होतं. पण बाबा, तुमचं उत्तर ऐकून वकील आधी माझ्याकडे बघत होता. आधी मी हसले. माझं बघून तो हसला.