सोफ्याखालचे दोन शेकर व इतर मिळकत

मी, एकनाथ दामू तामोरे, वय वर्षे एकोणसत्तर, मूळ गाव दातिवरे, हल्ली राहणार तिसरा मजला, सरावली, बोईसर, तालुका व जिल्हा पालघर, पूर्वीचा धंदा कंपनीत मेंटेनन्स फिटर, आताचा धंदा काही नाही, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली, नशेत किंवा भुलवणीत न येता लिहून ठेवीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. हे वाक्य प्रत्येक मृत्युपत्रात एकदा असते, असे वकीलबाई म्हणाल्या. माझ्यात ते दोनदा घाला असे मी सांगितले, कारण माझे डोके ठिकाणावर नाही असा एक कागद गेल्या वर्षी या सोसायटीत फिरला आणि त्यावर माझ्या पोटच्या मुलाची सही आहे. तेव्हा पुन्हा लिहितो. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

मला पत्नी जमना हयात आहे. मुलगा धीरज विरारला असतो, मुलगी मोनाली पालघरला. माझ्या मागे जमनेला या घरातून आणि दिवाणखान्यातल्या सोफ्यावरून कोणी उठवू नये, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप आहे. बाकी मला कोणाचे भले करायचे नाही.

मिळकतीची यादी देण्याआधी सोफा समजून घ्यावा लागेल. वकीलबाई म्हणाल्या, काका, मृत्युपत्रात सोफ्याचा इतिहास नसतो. मी म्हटले, माझ्यात असू द्या, टायपिंगचे मी बघतो.

जमना बोईसरच्या बाजारात वीस वर्षे मासळी विकत होती. तिची हाक रस्त्यापलीकडच्या रिक्षावाल्यांना ऐकू जाई. आठ वर्षांपूर्वी ती मोठ्या आजारातून उठली, पण दोन्ही कान तिथेच ठेवून आली. मशीन लावून पाहिले. तिला नुसती खरखर येई, म्हणून तिने ते काढून बटणांच्या डब्यात टाकले. टीव्ही तर बंदच केला. म्हणाली, "मान्सं नुसती तोंडं हालवतात, पाटीतल्या माशांसारकी. काय बगायचं त्यात?"

आता, फिटर पंपाचे बेअरिंग डोळ्यांनी तपासत नाही. लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक बेअरिंगवर टेकवायचे आणि मूठ कानामागच्या हाडाला लावायची. बेअरिंग चांगले की गेलेले, ते हाडाला कळते. एकतीस वर्षे मी हेच केले. एका दुपारी मी तोच स्क्रूड्रायव्हर टीव्हीच्या स्पीकरला टेकवला आणि मूठ जमनेच्या कानामागे धरली. ती दचकली. मग म्हणाली, "ढोल हाय." ढोलच होता. टीव्हीवर हळदीची गाणी लागली होती. मी खाली बसलो आणि रडलो, हे इथे लिहायला मला लाज वाटत नाही.

पण बायकोच्या डोक्याला स्क्रूड्रायव्हर लावून तीन तासांचा पिक्चर दाखवता येत नाही. बोईसरमध्ये गाड्यांना म्युझिक सिस्टिम बसवणारा इंद्रजीत यादव आहे. त्याला विचारले. तो म्हणाला, "चाचा, इसके लिए शेकर आता है. सोफे के नीचे लगता है. बड़े लोग लगाते हैं." मी म्हटले, मीही काही लहान नाही. शेकर म्हणजे बशीएवढा जड लोखंडी डबा. तो आवाज करीत नाही. पिक्चरमधला जाड आवाज तेवढा घेतो, ढोल, इंजिन, गडगडाट, आणि तो लाकडात उतरवतो, म्हणजे माणसाच्या पाठीत आणि मांड्यांत. मी एक बैठकीखाली आणि एक पाठीमागे बसवला. सोफ्याचे पाय काढून तो प्लायच्या चौथऱ्यावर चढवला.

इथे माझी चूक झाली आणि ती मी कबूल करतो. मशीन बसवायचे म्हणजे फाउंडेशन बोल्ट मारायचे, हे माझ्या हातातच बसले आहे. चार अँकर बोल्टांनी मी तो चौथरा सरळ स्लॅबला जखडला. रविवारी दुपारी चार वाजता बोटीच्या इंजिनाचा सीन लागला आणि जमना टाळी वाजवून हसली. त्याच वेळी खाली दुसऱ्या मजल्यावर कमलाकांत राऊत यांच्या मांडणीवरची भांडी धडाधड खाली आली. इकडे जमीन हलली की अर्धे लोक म्हणतात भूकंप, अर्धे म्हणतात केमिकलची कंपनी उडाली, पण पळतात सगळे. सगळी बिल्डिंग मैदानात. राऊतांची बायको डोक्याला मेंदी लावलेली तशीच. दोन तास कोणी वर यायला तयार नाही, आणि वर आम्ही दोघे सुखात पिक्चर बघतोय.

दुसऱ्याच दिवशी मी बोल्ट कापले आणि चौथऱ्याखाली पंपाखाली घालतात तसले जाड रबर घातले. तेव्हापासून खाली चमचासुद्धा हललेला नाही. राऊतांच्या स्वयंपाकघरात पाण्याचा ग्लास भरून ठेवून मी ते सिद्ध करून दाखवले. ते ग्लासाकडे न बघता माझ्याकडेच बघत होते. पुढे तीन महिन्यांनी खरा हादरा आला. सगळे खाली पळाले आणि हा एक गृहस्थ वर आला, भांडायला. त्या वेळी लाइट गेलेली होती. मी तोंडात ब्रश घेऊन दार उघडले. त्यांनी तरीही सोफा बघायला मागितला.

आता वाटणी.

कलम पहिले. सरावलीचा फ्लॅट मी मुलगी मोनाली हिला देतो, अशा अटीवर की जमनेला तिच्या हयातीत तेथे राहू द्यावे.

कलम दुसरे. सोफा, चौथरा, रबर, दोन्ही शेकर आणि ॲम्प्लिफायर हे जमनेच्या वापरासाठी राहतील. कोणीही त्याचा एकही स्क्रू काढू नये. पाठीचा शेकर बैठकीच्या निम्माच ठेवावा, नाहीतर तिचे दात वाजतात. ॲम्प्लिफायरवर खुणेला लाल नेलपॉलिश लावले आहे, बटण त्याच्या पुढे नेऊ नये.

कलम तिसरे. बँकेतील ठेव मोनालीने जमनेच्या औषधपाण्यासाठी वापरावी.

कलम चौथे. श्री. कमलाकांत राऊत, चेअरमन, यांना स्टीलचा एक डबा द्यावा. त्या रविवारी त्यांचा डबा चेपला असे त्यांनी सोसायटीला लेखी कळवले होते. चेपलेला डबा मी पाहिला आहे. तो पडून चेपलेला नाही, फेकून मारल्यावर चेपतो तसा मधोमध चेपला आहे. असे डबे नवराबायकोच्या भांडणात चेपतात.

कलम पाचवे, धीरज. याला वेळ लागेल.

माझा बाप मनोरुग्ण असून त्याच्यामुळे इमारतीला धोका आहे, असे लिहून राऊतांनी फिरवलेल्या कागदावर धीरजने सही केली. बाप वेडा ठरला की घर विकता येते, असे त्याला कुणीतरी शिकवले. आईला तो विरारला नेणार होता. मागच्या खोलीत, जिथे वॉशिंग मशीन आहे. इतके असूनही मी गप्प बसलो. घरची गोष्ट आहे, चार लोकांत कशाला, म्हटले.

गेल्या शिमग्याला आम्ही पाच दिवस दातिवऱ्याला गेलो. घराची एक किल्ली अडीअडचणीला धीरजकडे असे. तो आला, त्याने दोन्ही शेकर खोलले आणि भंगारवाल्याला देऊन टाकले. वायरी नीट गुंडाळून सोफा होता तसा ठेवला, म्हणजे आम्हाला कळू नये. त्याने मला नंतर फोनवर सांगितले, "बाबा, आईला काय फरक पडतो? तिला कुठे ऐकायला येतं?"

आम्ही परत आलो. जमनेने हात धुतले, पदर खोचला, सोफ्यावर बसली आणि मला म्हणाली, लावा. मी लावला. पडद्यावर ढोल वाजत होते. ती वाट बघत बसली. मग तिने तळहात सोफ्यावर ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. दुसरा हात ठेवला. दोन्ही तळवे एकमेकांवर चोळले. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "आता अंगपन गेलं वाटतं माजं." तिला वाटले, कान गेले तसे सगळे शरीर बहिरे झाले. सोफा बिघडला असेल हे तिच्या मनातही आले नाही, कारण मी बसवलेली वस्तू बिघडत नाही असा तिचा विश्वास.

शेकर दुसऱ्या दिवशी भंगाराच्या ढिगातून मी स्वतः शोधून आणले. पण ती एक रात्र आणि अर्धा दिवस ती स्वतःचे हात दाबून बघत होती, त्याची भरपाई कोणत्या कलमात बसते हे वकीलबाईंनाही सांगता आले नाही.

म्हणून धीरज एकनाथ तामोरे यास मी स्लॅबमधून कापलेले चार अँकर बोल्ट देतो. याखेरीज काहीही नाही. दातिवऱ्याच्या वाडीतली दोन माडांची जागासुद्धा नाही. त्याने मला अग्नी देऊ नये. मोनाली देईल. भावकीतले कोणी तोंड वाकडे केले तर त्यांना हे कलम वाचून दाखवावे. सुनेबद्दल, म्हणजे दीपिकाबद्दल, माझी तक्रार नाही. तिने फोन करून माफी मागितली होती, नवऱ्याला चोरून.

येथपर्यंत टाइप झाल्यावर वकीलबाईंनी सर्व मोठ्याने वाचून दाखवले. जमना समोर बसली होती. मी, वकीलबाई, मोनाली, आम्ही तिघे माना हलवत होतो. वाचन संपल्यावर जमनेने हात पुढे केला आणि कागद मागून घेतला. ती चौथीपर्यंत शिकली आहे. ओळीखाली बोट धरून वाचते. तिला पाऊण तास लागला. चहा आला, निवला.

मग ती बोलली. पुढचा मजकूर मी स्वतःच्या हाताने लिहीत आहे.

"यो कागद माजा हाय का सोफ्याचा?" तिने विचारले. तिला स्वतःचा आवाज कळत नाही, त्यामुळे सगळ्या मजल्याने हा प्रश्न ऐकला. "घर पोरीला. मी त्यात ऱ्हायाची, तिनं ऱ्हाऊ दिलं तर. पैसं पोरीकडं. औषद पायजे तर मी पोरीकडं हात पसरायचा. आनि त्या सोफ्यावर मी बसायची, सामानासारकी. माज्या नावावर काय हाय यात?"

मोनाली रडायला लागली, आई, मी तुला कधी काढीन का, म्हणाली. जमना तिच्या ओठांकडे बघून म्हणाली, "तू नाय काडनार. पन मी तुज्याकडं ऱ्हायाची का तू माज्याकडं यायाची, त्यात फरक हाय."

मी हातवारे करून सांगितले की हे सगळे तुझ्यासाठीच केले आहे, धीरजपासून तुला वाचवायला. तेव्हा ती माझ्यावर अशी उखडली की बाजारातली जमना मला आठ वर्षांनी दिसली. "धीरज माजा पोरगा हाय. त्याला मारीन नायतर दारात उभा करीन, माजं मी बगीन. मी मासळी इकून त्याची फी भरली, तुमी नाय. तुमी मला एकदा तरी इच्यारलंत, जमने, तुला काय पायजे?"

नव्हते विचारले. तिला ऐकू येईनासे झाले, तेव्हापासून मी तिला काही विचारणेच सोडून दिले होते. चहा देतो, औषध देतो, पिक्चर लावतो. कोणता लावू, हेही विचारत नव्हतो. मी तिचा गुन्हेगार आहे आणि हे येथे नोंदवून ठेवतो.

सबब, वरील कलम एक ते पाच यांतील सर्व देणे मी रद्द करीत आहे. माझी स्थावर व जंगम, घर, ठेव, वाडी, हत्यारे, सोफा, जी काही मिळकत असेल ती सर्व माझी पत्नी जमना एकनाथ तामोरे हिला पूर्ण मालकी हक्काने देतो. तिने ती ठेवावी, विकावी, कोणाला द्यावी किंवा समुद्रात टाकावी. धीरजचे काय करायचे ते ती ठरवील. अग्नी कोणी द्यायचा तेही तीच ठरवील. वकीलबाई म्हणाल्या, मग वरचा मजकूर काढून स्वच्छ नवीन टाइप करू. मी नको म्हटले. दिलेले रद्द झाले आहे, म्हटलेले नाही.

साक्षीदारांचा प्रश्न राहिला. एक इंद्रजीत यादव, त्याला मी बोलावून ठेवला होता. दुसरा कोण, यावर आमचा विचार चालला असता जमना म्हणाली, "तुमाला येडा कोन बोलला? खालचा. मग त्याचीच सही घ्या. तो बोलला शाना, तर कोर्टात कोन बोलंल येडा?" वकीलबाईंनी पेन खाली ठेवले आणि तिच्याकडे बघत राहिल्या. लाभ मिळणाऱ्याला साक्षीदार होता येत नाही, पण राऊतांचा डबा आता रद्दच झाला आहे.

मी म्हटले, तो मरेल पण सही करणार नाही. जमना कागद घेऊन जिना उतरून गेली. राऊत दारात उभे राहून नाही म्हणत होते. वहिनी, जमायचं नाही, मला यात ओढू नका, मी चेअरमन आहे, असे वीस मिनिटे म्हणत होते, ते आम्हाला वर शब्द न् शब्द ऐकू येत होते. तिला येत नव्हते. त्यांच्या ओठांकडे न बघता ती पेन पुढे धरून उभी होती.

राऊत आता माझ्यासमोर बसले आहेत. त्यांनी कलम चौथे वाचले आहे आणि डब्याचे वाक्य खोडायला सांगत आहेत. खोडणार नाही.

लिहून देणार: एकनाथ दामू तामोरे (सही)

वरील इसमाने आमच्या डोळ्यांदेखत सही केली. त्या वेळी त्याचे डोके ठिकाणावर होते.

साक्षीदार:
१. इंद्रजीत यादव, बोईसर (सही)
२. कमलाकांत राऊत, दुसरा मजला, सरावली (सही)

स्थळ: सरावली, बोईसर
दिनांक: ७ डिसेंबर २०२५