तीन दिवस वावरात जुंपलेला कॅमेरा

कामरगाव,
तेरा तारीख, सकाळी

तीर्थस्वरूप वैजयंती मावशीले निकिताचा वाकून नमस्कार.

(तीर्थरूप लिवाव का तीर्थस्वरूप, याच्यावर अठी अर्धा तास गेला. आमाले शाळेत 'डिअर आंटी' एवढंच शिकवलं. आबाजी म्हणे, मोठ्या माणसाले लांबलचक शब्द लावाव, म्हून लांबलचक लावला.) तू कशी हायेस? गुडघा काय म्हणते? काकाजीचा खोकला गेला का? अठी आमी सारे बरे हावो. हरभरा पेरून झाला, आई तुई आठवण काढत राह्यते, अन् आबाजी तुया हातच्या चहाची लय तारीफ करते. हे शेवटचं ध्यानात ठेवजो.

आता तू म्हणशील, फोन सोडून ही पोट्टी चिठ्ठी कायले लिहून राह्यली? तं तुया फोन काच फुटून तौकीरभाईच्या दुकानात दुरुस्तीले पडला हाये, अन् मले जे सांगायचं ते तौकीरभाईबद्दलच हाये. मेसेज केला असता तं पयले त्याहीनंच वाचला असता. (वाचलाच असता असं नाई म्हणत. वाचू शकत होते.) म्हून ही चिठ्ठी लखीराम जीपवाल्याच्या हातानं कारंज्याले पाठवून राह्यली. पाकिटाले चिकटपट्टीचे तीन पट्टे लावीन. चार दिसले तं समज, लखीरामभाऊनं खोलून वाचलं.

तुले माहीत हाये का माळरानावरच्या काळविटांचं वर्षभर शूटिंग करणाऱ्या संस्थेनं मले निवडलं. घरातल्या कोणालेच खरं वाटलं नोतं. खरं सांगू, मलेबी वाटलं नोतं, मी त्याहीले दोनदा फोन करून इचारलं का तुमी दुसऱ्या कोण्या निकिताले तं शोधून नाई राह्यले. पण अट एकच, वीस तारखेले आपला सवताचा प्रोफेशनल कॅमेरा घेऊन हजर व्हायचं. नाई झालं तं दोन नंबरवरचा शिरपूर जैन गावचा पोट्टा माई जागा घेईन. त्याच्यापाशी कॅमेरा हाये, असं तो म्हणते. मी त्याचा फोटो पाह्यला. गळ्यातला पट्टा कोराच दिसते. मांगून आणला असन.

तवापासून मी तीन आठवडे नुसते रिव्ह्यूचे व्हिडिओ पाह्यले. प्रत्येक माणूस म्हणते हाच कॅमेरा बेस्ट, अन् खाली विकत घ्यायची लिंक देते. मंग कोणावर भरोसा ठेवाव? एवढं मातर समजलं का वावरात अन् माळावर कामाले फोटोचा कॅमेरा चालत नाई. लेन्स बदलाले गेलं का सोयाबीनचा भुसा अंदर. काळवीट जवळ येऊ देत नाई, म्हून झूम दांडगा पाहिजे. बॅटरी दिवसभर चालली पाहिजे. माइक लावाले चांगली जागा पाहिजे. अन् दोन कार्ड पाहिजे, म्हणजे एकच रेकॉर्डिंग दोन्हींवर उतरते. एक खराब झालं तं दुसरं वाचते. नवा घ्यायची आपली ऐपत नाई. तवा तूच म्हटलं होतं, आमच्या दोन दुकानं पलीकडं तौकीरभाई लग्नाचं शूटिंग करते, त्याहीले आपला मोठा कॅमेरा काढायचा हाये, तिकडं ये. मी आली. पण एकटी नाई आली, हे तुले माहीतच हाये.

आबाजीचं कसं हाये, का अख्ख्या कामरगावात बबनरावाले, म्हणजे त्याहीले, दाखवल्याशिवाय कोणी बैल घेत नाई. तं त्याहीचं म्हणणं पडलं, घरात आजवर इनपारखीची वस्तू आली नाई, तं हा कॅमेराबी मीच पारखीन. मी म्हटलं, "आबाजी, मशीन हाये ते." ते म्हणे, "मंग तं अजून पाहा लागते. ढोर निदान खोटं बोलत नाई, मालक बोलते. मशीनचं तं दोन्ही बोलत असन." माह्यापाशी एकसष्ट प्रश्नांची यादी होती, त्याहीच्यापाशी साठ वर्साचा अनुभव. दुकानात शिरल्याबरोबर मी लेन्समंधी बॅटरी मारून बुरशी पाहू लागली, अन् आबाजी तौकीरभाईच्या तोंडाकडं पाहू लागले.

पयला शक चहाचा. तौकीरभाईनं दोनदा चहा सांगतला. आबाजी माह्या कानात म्हणे, एकदा सांगतला तं माणुसकी, दोनदा सांगतला तं खोड. दुसरा शक, का त्याहीनं कॅमेऱ्याची तारीफच केली नाई. टेबलावर ठेवला अन् म्हणे, "देख लो चाचा." आबाजी म्हणे, जो मालक जनावराची तारीफ करत नाई, त्याले त्याची खोड ठाऊक रायते. मी इचारलं का तारीफ केली असती तं? तं म्हणे, मंग तं नक्कीच खोड असती. तिसरा शक माया होता. कॅमेरा किती चालला ते तासाच्या हिशोबानं त्याच्या अंदरच लिवलेलं रायते. मी पाह्यलं, आठशे बारा तास. एवढ्या लग्नात फक्त आठशे बारा? आबाजीले समजावून सांगतलं तं ते लगेच म्हणे, "दात घासले असन." (बजारात म्हाताऱ्या बैलाचे दात कानशीनं घासून त्याले जवान करते ना, तसं.)

मंग आबाजीनं सरळ इचारलं, "विकून कायले राह्यले?" तौकीरभाई म्हणे, खांदा दुखते, अन् आताच्या नवरदेवाले ड्रोन पाहिजे, हा पाच किलोचा कोण उचलते. अनिसाभाभी पडद्यामांगून म्हणे, "इनका कंधा दस साल से दुख रहा है, आज याद आया?" आता सांग, याच्यात शक नाई येईन तं काय येईन?

पण सगळ्यात मोठा शक पुढंच हाये. आबाजीनं रिवाजाप्रमाणं म्हटलं, बैल तीन दिवस आपल्या वावरात जुंपून पाह्यल्याबिगर आमी सौदा करत नाई. मले वाटलं तौकीरभाई हासतीन. ते म्हणे, "ले जाओ." डिपॉझिट नाई, आधार कार्ड नाई, काही नाई. रस्त्यानं मी अन् आबाजी हेच घोकत आलो. एवढी महागाची वस्तू माणूस असीच देते? काहून देते?

पयल्या दिवशी आबाजीनं कॅमेरा खांद्यावर घेऊन तुरीतून तीन चकरा मारल्या. म्हणे, चालताना आवाज करते का ते पाहून राह्यलो. दुपारी उनात ठेवला, हात लावून ताप पाह्यला, अन् बाजूले पाण्याची बादली ठेवली. ती कायले, ते मी इचारलं नाई. दुसऱ्या दिवशी माळावर गेलो. तठी काळविटाचा कळप दूर, इतका दूर का डोळ्याले नुसते ठिपके. मी झूम केलं तं मावशे, नराच्या शिंगाचे पेच मोजता आले! एका मादीच्या कानावरची माशी दिसली. मी रडलीच जराशी. आबाजीले दाखवलं तं ते बराच वेळ पाह्यत राह्यले, मंग डोकं वर करून म्हणे, "हे आधीच भरून तं नाई ठेवलं त्यानं अंदर?"

त्याच दिवशी हँडलच्या खाली एक काळी पट्टी चिकटवलेली दिसली. आता पट्टीखाली माणूस काय लपवते? मी नखानं काढली. खाली पांढऱ्या पेंटनं लिवलं होतं, 'चांद'. कोण चांद? तौकीरभाईचा कॅमेरा तं नाव चांदचं काहून? माह्या डोक्यात जे आलं ते आबाजीच्याबी डोक्यात आलं, अन् ते आमी अठी लिहीत नाई.

तिसऱ्या दिवशी माह्या यादीतली शेवटची टेस्ट. कॅमेऱ्याच्या अंदर डोळ्यासारखं जे रायते, त्याचा एखादा कण मेला असला का काळ्या चित्रात पांढरा ठिपका दिसते. म्हून लेन्सले झाकण लावायचं, रेकॉर्डिंग सुरू करायचं अन् सोडून द्यायचं. मी तसंच केलं. बाजूले आमी दोघं शेंगा फोडत, गप्पा मारत बसलो. आबाजी म्हणे हे बरं, डोळे झाकले का ढोर गुमान उभं रायते. शेंगा संपेपर्यंत चाललं. माह्या कार्डावर पाह्यलं तं चित्र काळंभोर, ठिपका एकबी नाई. मी ते पुसून टाकलं अन् कार्ड काढून घेतलं.

म्हणजे कॅमेरा पास झाला. पण पास झालेला बैल तसाच घेत नसतात. रिवाज असा हाये, का तोंड आंबट करून परत न्यायचा, तीन खोडी सांगायच्या, अन् घरी येऊन बसायचं. दुसऱ्या दिवशी मालक सवता निरोप पाठवते. तं चार दिवस झाले, आमी दुकानात जाऊन तोंड आंबट केलं. आबाजी म्हणे, वजन जास्त हाये. मी म्हटलं, एक बटण कडक हाये. तिसरी खोड सापडेना, तं आबाजी म्हणे रंग काळा हाये.  मंग तौकीरभाईनं कॅमेरा उचलला, अन् हँडलखाली निंघालेली पट्टी त्याहीले दिसली. नुसतं म्हणे, "अब्बा का नाम है बेटा. त्याहीनंच घेतला होता हा. घेणाऱ्याले दुसऱ्याचं नाव कायले, म्हून झाकलं होतं मी."

मावशे, तुले चांदचाचा माहीत असतीन. तुया गल्लीतलेच होते ना ते? मले कोणी सांगतलं असतं तं.

चार दिवस झाले. निरोप नाई. आबाजी रोज फाटकापाशी खाट टाकून बसते, जसा काही बैलच चालत येणार हाये. वीस तारीख सात दिवसांवर आली.

बाकी सारं बरं हाये. काकाजीले नमस्कार सांगजो, गुडघ्याले तेल लावत जाजो, अन् आमच्या माणसांवर राग धरू नको.

तुई,
निकिता

ता. क. मुद्द्याचं राह्यलंच. तू सवता तौकीरभाईकडं जाऊन सांगशील का, का पोट्टीले कॅमेरा पाहिजे, म्हणतीन त्या भावात, अन् तिन्ही खोडी वापस घेतल्या? रंग काळाच चांगला म्हणावं. आबाजीले हे माहीत नको होऊ देऊ.

दुसरं ता. क. निरोप आला नाई असं वर लिवलं ते पुरं खरं नाई. काल एक मेसेज आला. शब्दानं शब्द सांगतो: "बेटा, दुसरे कार्ड में आपका कुछ सामान रह गया है." मी वर लिवलं होतं ना, एकच रेकॉर्डिंग दोन्ही कार्डांवर उतरते? मी माया कार्ड पुसलं. दुसऱ्या खोबणीत त्याहीचं कार्ड होतं. अन् झाकण डोळ्याले रायते मावशे, कानाले नाई. एक तास चाळीस मिनिटं चित्र काळं, अन् आवाजात मी अन् आबाजी. त्याच्यात 'चोरीचा हाये' हे तीनदा हाये, अन् तिन्ही वेळा म्या म्हटलं. चांदचाचा कोण, हे मले तवा माहीत असतं तं जीभ चावली असती.

तिसरं ता. क. तू रोज सांजच्याले अनिसाभाभीसंग तठी बसत रायते, म्हून सांगून ठेवतो. ते कार्ड कोणी ऐकाले देल्लं तं सदतिसाव्या मिनिटापासून पुढं ऐकू नको. तठी एक पोट्टी म्हणते का, "मावशीले वाटते मी बँकेची परीक्षा द्याव, म्हून तिनं मुद्दाम सडका कॅमेरा दाखवला." ती मीच हावो. मले आता समजलं, का तीन दिवस इनडिपॉझिट देऊन टाका, पोट्टी शक्की हाये पण इमानदार हाये, असं तूच त्याहीले सांगून ठेवलं होतं. (हे त्याच मेसेजच्या खालच्या ओळीत हाये. मनाले तेवढीच ओळ लागली, वरची नाई.) अन् चाळिसाव्या मिनिटाले चहाबद्दल जो म्हातारा बोलते, "चहा कायचा, गरम पाण्याले रंग देल्ला," तो आवाज कोणाचा हाये, हे मी ओळखू शकली नाई.

चौथं ता. क. चिठ्ठी चिकटवता चिकटवता आबाजीनं हातातून घेऊन सगळी वाचली. मले वाटलं आता मारते. ते चष्मा काढून म्हणे, "मी तं दोन खाटा दूर बसलो होतो, अन् चहाचं तं तोंडातल्या तोंडात बोल्लो. झाकण लावून, एवढ्या दुरून, तेबी आलं?" मी म्हटलं, सारं आलं. म्हणे, "मंग खोड नाई. घेऊन टाक." ते सवता उद्या पयल्या जीपनं येऊन राह्यले, तौकीरभाईची माफी मांगाले. मंग तुयाकडं चहाले. जास्त पत्तीचा ठेवजो. अन् तौकीरभाईले म्हणावं, हँडलवर आता पट्टी लावू नका. आबाजी म्हणे, इकत घेतलेल्या बैलाचं नाव बदलत नसतात, मंग तो हाकेले ओ देत नाई.