आत्याच्या घोड्यानं नदी पार केली त्याची हकीकत

लातूर, मंगळवार

चि. यज्ञेश यास रेणुकादासकाकाचे अनेक आशीर्वाद.

विष्णुपुरीला तू, तुझं कॉलेज आणि धरणाचं पाणी, सगळं ठीक असेल असं धरून चालतो. माझं बरं आहे. बीपीची गोळी घेतो (सकाळी घेतली की नाही ते दुपारी आठवत नाही, म्हणून एखाद्या दिवशी दोन होतात, आत्या होती तेव्हा एकच होत होती). तू फोनवर तीनदा विचारलंस की, काका, नवं ग्राफिक्स कार्ड कसं चालतंय, जुन्यापेक्षा किती फरक पडला. फोनवर मला सांगवलं नाही, म्हणून लिहितोय.

तुला ठाऊकच आहे, गुडघे गेल्यावर आत्यानं आमच्या गंधारच्या कॉम्प्युटरवर तो घोड्याचा गेम सुरू केला. पोरगा नोकरीला गेला, कॉम्प्युटर मागं राहिला, आणि तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलेली बाई एकसष्टाव्या वर्षी घोड्यावर बसली. लढाया तिनं कधी केल्या नाहीत. दरोडेखोर दिसले की घोडं वळवून माघारी. नुसती फिरायची. पण जुन्या कार्डाला तो गेम झेपत नव्हता. नदीपलीकडचं सगळं धुरकट, आणि घोड्यानं पाण्यात पाय घातला की चित्र अडकायचं. "अहो, पलीकडं कुणीतरी राहतंय, चूल पेटलेली दिसते," असं ती म्हणायची. मी म्हणायचो, तो धूर नाही, कार्डाचा दोष आहे. (सायन्सचा मास्तर, दुसरं काय म्हणणार!) तू नवं कार्ड मागवलंस हे कळल्यावर तिनं घोडं नदीकाठी नेऊन उभं केलं, गेम तसाच सेव्ह केला आणि वाट बघत बसली. कार्ड यायला तीन आठवडे लागले. तिच्याकडं तेवढे नव्हते. तू तेराव्याला घेऊन आलास, रडत रडत बसवलंस आणि जुनं पिशवीत घालून नेलंस. तुझी काही चूक नाही.

आता तुलना. जुन्याचा आकडा तूच काढला होतास, नदीकाठी सेकंदाला एकोणीस चित्रं. म्हणजे नव्याचाही त्याच जागी, त्याच घोड्यावर घ्यायला हवा. घोडं हाकायचं आणि कोपऱ्यातला आकडाही वाचायचा, हे एकट्याला जमेना, म्हणून शेजारच्या गुरुपादप्पांना बोलावलं (एसटीत अठ्ठावीस वर्षं ड्रायव्हर; वेगातलं त्यांना कळतं). मी कोणतं बटण दाबलं कोण जाणे, घोडं मेंढरांच्या कळपात घुसलं. "सर, ब्रेक कुठाय? ब्रेक दाबा की!" गुरुपादप्पा खुर्चीतून उठले आणि त्यांनी स्वतःच फरशीवर उजवा पाय दाबून धरला. तेवढ्यात चार मेंढरं आडवी, आणि त्यांचा मालक बंदूक घेऊन आमच्या मागं. घाबरून मी सगळीच बटणं दाबली. घोडं सरळ नदीत गेलं. आणि अडकलं नाही रे. पार झालं.

पलीकडं गाव नव्हतं, एक घर होतं. धुराड्यातून धूर निघत होता, स्वच्छ दिसत होता. दारात एक बाई अंगण झाडत होती. तिनं मान वर केली आणि हात हलवला.

गुरुपादप्पा "ब्याण्णव, पंच्याण्णव, शहाण्णव," असं मोठ्यानं वाचत होते. ते थांबले. म्हणाले, "सर, बाईंना दाखवायला पायजे होतं हे." मी हो म्हणालो. दोघंही बराच वेळ त्या बाईचं झाडणं बघत बसलो. मग सेव्ह न करताच कॉम्प्युटर बंद केला.

तर निकाल असा : एकोणीस विरुद्ध शहाण्णव. नवं कार्ड पाचपट सरस आहे, त्यात खोट काढायला जागा नाही. चुलीबद्दल आत्याचं बरोबर होतं, माझं चूक. हे तिला तोंडावर सांगायचं राहून गेलं.

तुझ्या आईला नमस्कार सांग. जेवत जा.

तुझा,
रेणुकादासकाका

ता. क. : गुरुपादप्पा आता रोज चार वाजता येऊन "सर, गाडी काढायची का?" असं विचारतात. मी डोकं दुखतंय म्हणतो.

आणखी एक ता. क. : जुनं कार्ड टाकून दिलं नसशील तर येत्या रविवारी घेऊन ये आणि तेच परत बसव. नवं तू घेऊन जा, तुझ्या कामाला येईल. जुन्याचा पंखा इतका घरघरायचा की स्वयंपाकघरापर्यंत ऐकू यायचा. ती आत बसलीय हे मला त्यावरूनच कळायचं, आणि मी दोन कप चहा टाकायचो. नव्याचा काहीच आवाज येत नाही.